गाडी पाणी पिते? आधी ते पाणी जातं कुठे, ते शोधा!



जुनी व्हॅन धंद्यासाठी घ्यावी की नाही, या व्हिडिओत मी गाडीच्या कूलंटबद्दल दोन-चार वाक्यं बोललो होतो. तेवढ्यावर हा विषय संपत नाही. कारण जुन्या ओम्नीवर किंवा ईकोवर धंदा चालवणाऱ्या माणसाचं इंजिन बहुतेक वेळा एका दिवसात मरत नाही. ते हळूहळू, रोज एक-एक बाटली पाणी पीत मरतं. आणि आपण शेजारी उभे राहून बाटली ओतत असतो!

हे मी ऐकीव सांगत नाही. माझंच सांगतो.

माझी चूक, माझ्या तोंडून

प्रशिक्षणाच्या कामात पडण्याआधी मी केटरिंग करायचो. गाडी होती जुनी ओम्नी. मे महिना, लग्नसराई. अमरावतीहून अकोल्याला जेवण पोचवायचं होतं, साधारण ३०० पानांचं. त्याआधीचे पंधरा दिवस आमचा ड्रायव्हर रोज सकाळी गाडीत पाणी टाकायचा. मी विचारलं तर म्हणाला, "काहून टेन्शन घेता भाऊ, थोडंसं पाणीच त पिते. बाकी काई नाई."

मलाही ते पटलं. सीझन सोडून गॅरेजला गाडी कोण लावणार?

बडनेरा गेलं, लोणी गेलं. जून २०२२ मध्ये ज्या पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला, तो हाच रस्ता. म्हणजे रस्त्याला नाव ठेवायला जागाच नव्हती. माना सोडलं, मूर्तिजापूर यायचं होतं, आणि सीटखालून उकळल्याचा वास आला. काटा लाल रेषेवर. गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिन बंद पडलं.

जेवण दुसऱ्याच्या टेम्पोतून पोचवलं, दोन तास उशिरा. पंगत खोळंबली. मुलीच्या वडिलांनी ठरलेले पैसे दिले, एक शब्द वाईट बोलले नाहीत. पण पुन्हा कधी फोनही केला नाही. इंजिनचं हेड वाकलं होतं, गॅस्केट जळालं होतं. आणि मुळात दोष कशात निघाला? एका रबरी होज पाईपाला क्लिपच्या कडेला पडलेल्या चिरेत. काहीशे रुपयांचं काम, मी हजारांत नेलं आणि वर एक गिऱ्हाईक घालवलं.

म्हणून आजचा एकच मुद्दा: पाणी टाकणं म्हणजे दुरुस्ती नाही. कूलंटचं चक्र बंद असतं, त्यातलं पाणी पेट्रोलसारखं संपत नसतं. कमी होतंय म्हणजे कुठूनतरी जातंय.

चक्र कसं चालतं, थोडक्यात

वॉटर पंप कूलंटला इंजिनच्या आतून फिरवतो. इंजिन गरम झालं की थर्मोस्टॅट नावाचा झडपेसारखा भाग उघडतो आणि गरम कूलंट वरच्या होज पाईपातून रेडिएटरमध्ये जातं. तिथे वाऱ्याने आणि फॅनने थंड होऊन खालच्या पाईपातून परत येतं.

आता टोपणाकडे बघा. रेडिएटरचं टोपण हे नुसतं झाकण नाही, ती दाबाची झडप आहे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. ०.९ च्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी जवळपास ११८ अंशांवर उकळतं. प्रेशर कुकरचंच तत्त्व! कुकरची रिंग ढिली झाली की शिट्टी होत नाही, तसं टोपणाचं रबर गेलं की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं.

आपल्या वऱ्हाडात हा त्रास जास्त का?

तीन कारणं आहेत.

एक, ऊन. एप्रिल-मे मध्ये अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. बाहेरची हवाच तापलेली असली की रेडिएटरला थंड करायला फार वाव उरत नाही. हिवाळ्यात खपून गेलेली गळती उन्हाळ्यात गाडी बंद पाडते.

दोन, पाणी. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत आपला खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडच्या लोकांना विहिरीच्या पाण्याची चव सांगायला नको. तेच बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं की आत क्षार बसतात आणि धातू गंजतो. चहाच्या पातेल्यात जो पांढरा थर बसतो ना, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. म्हणजे गळतीवर उपाय म्हणून टाकलेलं पाणीच पुढची गळती तयार करतं.

तीन, धूळ आणि कापूस. कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या, बाजार समितीच्या रस्त्याने रोज गाडी गेली की रेडिएटरच्या जाळीत रुई आणि माती अडकते. गळती नसतानाही गाडी गरम होते. हे आधी तपासा, फुकटचं काम आहे.

आधी जीव, मग गाडी

गरम इंजिनवर टोपण उघडायचं नाही. म्हणजे नाहीच. आतलं पाणी दाबाखाली असतं, टोपण ढिलं होताच ते उसळून तोंडावर येतं. ओम्नी-ईकोत तर इंजिन सीटखाली आहे, तुम्ही वाकूनच बघत असता. किमान पाऊण तास थांबा. वरचा होज पाईप हाताला थंड लागला, दाबल्यावर मऊ लागला, तरच फडकं धरून टोपण हळू फिरवा.

दुसरं, बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि पोटात गेलं तर विषारी असतं. अंगणात सांडलं तर कुत्री, शेळ्या चाटतात. लहान मुलं हात लावतात. लगेच भरपूर पाण्याने धुवा, आणि पाण्याच्या जुन्या बाटलीत कूलंट कधीही ठेवू नका.

शोध कसा घ्यायचा? रविवार सकाळची २० मिनिटं

पायरी १ : गाडी थंड असताना पातळी बघा. प्लॅस्टिकच्या टाकीवर खालची आणि वरची अशा दोन रेषा असतात. आज पातळी जिथे आहे तिथे पेनने खूण करा, तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा. एक आठवडा काहीही न ओतता रोज बघा. पातळी खालच्या रेषेला आली तर मात्र कूलंट टाका आणि किती टाकलं ते लिहा. "थोडंसं पिते" हा अंदाज आहे. "१०० किलोमीटरला अर्धा लिटर" ही माहिती आहे.

पायरी २ : रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. मोठ्या खोक्याचा पुठ्ठा इंजिनपासून पुढच्या बंपरपर्यंत. सकाळी डाग कुठे पडला त्यावरून अर्धं उत्तर मिळतं. एसीवाल्या ईकोखाली पडलेलं स्वच्छ पाणी बहुतेक वेळा एसीचं असतं, त्याला घाबरू नका. कूलंट रंगीत असतं आणि बोटाला बुळबुळीत लागतं.

पायरी ३ : सीट उचला आणि सुकलेल्या खुणा शोधा. गरम इंजिनवर थेंब पडतो आणि लगेच वाळतो, म्हणून जमिनीवर काहीच दिसत नाही. पण मागे पांढरा, हिरवट किंवा तांबूस थर राहतो. टॉर्च घ्या आणि प्रत्येक पाईपाची दोन्ही टोकं, क्लिपच्या कडा, पंपाच्या खालची बाजू, रेडिएटरचे कोपरे बघा. मोबाईलचा कॅमेरा खाली धरून व्हिडिओ काढा, डोकं जात नाही तिथे मोबाईल जातो.

पायरी ४ : टाकी आणि रेडिएटर यांची तुलना करा. टाकी भरलेली पण थंड रेडिएटर रिकामा, असं दिसलं तर टोपणावर किंवा टाकीकडे जाणाऱ्या बारीक नळीवर संशय घ्या. इंजिन थंड होताना टाकीतलं कूलंट परत ओढलं जायला हवं, ते ओढलं जात नाहीये.

पायरी ५ : दाबाची चाचणी. हे गॅरेजमध्ये करून घ्या. टोपणाच्या जागी हातपंप लावून टोपणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब देतात, त्याहून जास्त नाही. दहा-पंधरा मिनिटं काटा स्थिर राहिला तर ठीक. काटा उतरला तर गळती आहे, आणि दाबामुळे ती बहुतेक दिसतेही. त्याच पंपावर टोपणही तपासता येतं. इंजिन थंड आणि बंद असताना होते, म्हणून ही चाचणी सुरक्षित आहे. ज्या गॅरेजमध्ये हा पंप आहे, तिथे दहा किलोमीटर जास्त गेलात तरी चालेल.

पायरी ६ : बाहेर काहीच दिसत नाही? मग आत बघा. ऑइलची काडी काढा. ऑइल किंवा ऑइलचं झाकण दुधाच्या चहासारखं, मलईसारखं दिसतंय का? इंजिन चांगलं तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय का? थंड इंजिन टोपण उघडं ठेवून चालू केलं की रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येतायत का? थंड गाडी चालू केल्याबरोबर वरचा पाईप दगडासारखा कडक होतोय का? यातलं काही असेल तर हेड गॅस्केटवर संशय घ्या आणि गाडी चालवणं थांबवा. थंड हवेत सकाळी थोडा पांढरा धूर मात्र सगळ्याच गाड्यांना येतो.

गळती कुठे, इलाज काय

टोपण : रबर कडक किंवा चिरलेलं असेल तर बदला, त्याच आकड्याचं घ्या. सगळ्यात स्वस्त भाग, आणि सगळ्यात शेवटी तपासला जातो.

होज पाईप आणि क्लिप : पाईप दाबून बघा. फुगलेला, लिबलिबीत किंवा कडकडीत झालेला पाईप बदला. एक पाईप गेला तर त्याच वयाचे बाकीचेही जवळ आलेत असं समजा, सगळे एकदम बदला. गाडी गॅसवर चालत असेल तर रिड्यूसरला गरम कूलंट नेणारे दोन जादा पाईप असतात. ते हमखास विसरले जातात.

वॉटर पंप : पंपाला खाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून थेंब येतात. ते भोक बुजवायचं नाही, ते मुद्दाम ठेवलेलं आहे. इंजिन बंद असताना पुली हलवून बघा. खेळ असेल, घरघर येत असेल तर पंप बदला आणि सोबत पट्टाही बघून घ्या.

रेडिएटर : तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर चांगला कारागीर डाग देऊन देतो. अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी असलेला रेडिएटर जोडावर फुटला तर सरळ बदललेला परवडतो.

इंजिनच्या डमी : ब्लॉकला बसवलेल्या पत्र्याच्या गोल चकत्यांना मेकॅनिक डमी म्हणतात. बोअरच्या पाण्याने त्या आतून गंजतात. एक गळाली तर बाकीच्याही बघायला सांगा.

हेड गॅस्केट : हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, जास्त तापलं की वाकतं. नुसतं गॅस्केट बदलून भागत नाही. हेड लेथवर तपासून, गरज असेल तर फेसिंग करूनच बसवायला हवं. "फेसिंगची गरज नाही" असं न मोजता कोणी म्हणालं तर सरळ पट्टी लावून दाखवायला सांगा.

हे चार जुगाड टाळा

हळद. रेडिएटरमध्ये हळद टाकून भोक बुजतं हे तुम्ही हायवेवर ऐकलं असेल. रात्री बोरगाव मंजूच्या पुढे अडकलात तर घरी पोचण्यापुरतं ते ठीक. पण तीच हळद आणि तीच लीक बंद करायची पावडर बारीक नळ्याही बुजवते. घरी आल्यावर सगळं धुऊन काढून खरी दुरुस्ती करा.

थर्मोस्टॅट काढून टाकणं. "काढून टाकू, गाडी गरमच होणार नाही." इंजिन नेहमी कमी तापमानावर चालतं, पेट्रोल जास्त खातं, झीज वाढते. आणि गळती तशीच राहते.

फॅन डायरेक्ट करणं. खराब स्विच बदलण्याऐवजी फॅन सतत चालू ठेवतात. त्याने बॅटरी आणि फॅनची मोटर यांच्यावर ताण येतो, आणि आजार झाकला जातो.

तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतणं. गरम तव्यावर पाणी मारल्यासारखं होतं. हेडला चीर जाऊ शकते.

परत भरताना

दुरुस्तीनंतर जुनं पाणी पूर्ण काढून, आतून धुऊन नवीन कूलंट भरा. बाटलीवर नीट वाचा. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी मिसळायचं नाही. घट्ट कूलंट असेल तर साधारण अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीत टाकतो ते डिस्टिल्ड वॉटर चालतं, बोअरचं नाही. दोन वेगळ्या प्रकारची कूलंट एकत्र करू नका, रंग सारखा असला तरी. साधं हिरवं कूलंट साधारण दोन वर्षांनी बदला.

मग हवा काढायची. गाडीचं तोंड थोडं उंचावर घ्या, थंड असतानाच टोपण काढून इंजिन चालू करा, हीटर असेल तर पूर्ण गरमवर ठेवा. बुडबुडे येतील, पातळी उतरेल, तसतसं भरत राहा. वरचा पाईप गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. फॅन एकदा चालू होऊन बंद झाला पाहिजे. कूलंट तोंडाशी वर चढायला लागलं तर लगेच इंजिन बंद करून बाजूला व्हा. हवा आत राहिली तर नवीन दुरुस्तीनंतरही गाडी गरम होते आणि मेकॅनिकशी उगाच भांडण होतं. दुसऱ्या दिवशी थंड गाडीची पातळी पुन्हा बघा.

आता धंद्याचा हिशोब

समजा, तुमची व्हॅन सकाळी शाळेची मुलं नेते, दुपारी किराणा पोचवते. खर्च जाऊन दिवसाला ८०० रुपये सुटतात. हेडचं काम निघालं आणि गाडी चार दिवस बंद. दोन दिवस भाड्याची गाडी केली, रोज १,५०० रुपये जादा, म्हणजे ३,०००. दोन दिवस गाडीच मिळाली नाही, १,६०० बुडाले. झाले ४,६०० रुपये, आणि यात गॅरेजचं बिल अजून धरलेलंच नाही. ज्या पालकांची मुलं रस्त्यात उभी राहिली त्यांचा विश्वास तर कुठल्याच वहीत लिहिता येत नाही.

तुमचे स्वतःचे आकडे टाकून हा हिशोब आजच करा. मग पाईप बदलायला अर्धा दिवस गाडी उभी ठेवणं महाग वाटणार नाही.

गॅरेजमध्ये गेल्यावर "गाडी गरम होते, बघा जरा" असं म्हणू नका. म्हणा, "१०० किलोमीटरला अर्धा लिटर कूलंट जातं, पुठ्ठ्यावर डाग डाव्या बाजूला पडतो, ऑइल स्वच्छ आहे. दाबाची चाचणी करून मला गळती दाखवा, मगच काम सुरू करा." जुना भाग परत मागून घ्या. हुज्जत घालायची नाही, पण माहिती घेऊन जायचं. चांगल्या मेकॅनिकला असं गिऱ्हाईक आवडतं.

आणि जुनी व्हॅन विकत घेणार असाल तर हेही ऐका. मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये आली, पुढे तिची ओम्नी झाली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं साधं इंजिन. २०१९ मध्ये ती बंद झाली, म्हणजे बाजारात आहेत त्या सगळ्या आता जुन्याच. ईको २०१० पासूनची, त्यामुळे पहिल्या ईकोही वयात आल्या. गाडी बघायला जाताना मालकाला आधीच सांगा, "इंजिन थंड ठेवा, मी येऊन चालू करतो." गेल्यावर इंजिनला हात लावा. आधीच गरम असेल तर चहा पिऊन थांबा. थंड झाल्यावर टोपण उघडा. आत रंगीत कूलंट दिसलं तर मालकाने काळजी घेतली. तांबडं गंजलेलं पाणी दिसलं तर भाव पाडा, आणि मलई दिसली तर नमस्कार करून घरी या.

या आठवड्याचा गृहपाठ

एक पुठ्ठा, एक टॉर्च, एक वही. रविवारी २० मिनिटं. आणि ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याला एक सांगून ठेवा: पाणी टाकलं की वहीत लिहायचं. तारीख, किलोमीटर, किती टाकलं. ड्रायव्हर खोटं बोलत नव्हता, मित्रांनो. "थोडंसं पाणी पिते" हे त्याने मला पंधरा दिवस रोज सांगितलं होतं. लिहून ठेवलं असतं तर तिसऱ्या दिवशीच मला आकडा दिसला असता, आणि त्या लग्नातली पंगत वेळेवर बसली असती.

गाडी सांभाळा, गिऱ्हाईक आपोआप सांभाळलं जातं. भेटू पुढच्या व्हिडिओत.